चपला मोजून सारू

स्वयंपाकघरात हिशेबाचे दोन पंथ आहेत, एक पोळीचा आणि दुसरा भाताचा. पोळीवाल्या घरात संध्याकाळी सातला शिरगणती होते. "तुला किती?" "तीन." "मला अडीच." "मला दोनच, पण जरा मोठ्या." त्या बेतानं कणीक भिजते. अशा घरात आठ वाजता दाराची कडी वाजली की बाईच्या तोंडावर हसू आणि पोटात गोळा एकदमच येतात. भातवाल्या घरात असलं काही नसतं. भात कुणी मोजून लावत नाही आणि किती खाल्ला हे कुणाला कळतही नाही. मी सातारची, म्हणजे कडवी पोळीपंथी. लग्न होऊन बंगळूरच्या चामराजपेटेत आले आणि माझं धर्मांतर झालं. ते सासूबाईंनी केलं नाही की नवऱ्यानं केलं नाही. रात्री न सांगता जेवायला आलेल्या पाहुण्यांनी केलं.

चामराजपेट ही 1892 साली जुन्या पेटेबाहेर आखून वसवलेली वस्ती. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांचं नाव तिला दिलं. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम पुढं 1898 च्या प्लेगनंतर आले, तेव्हा आम्ही त्यांच्याहून वडील, हे मामंजी येईल त्याला ऐकवत. आखणाऱ्यांनी उभे मेन, आडवे क्रॉस, मागं सफाईची बोळ असा सगळा विचार केला होता. पाहुण्यांचा केला नव्हता, किंवा मग फारच केला होता. कारण एका अंगाला मॅजेस्टिकचं रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला कलासीपाळ्यचा बसस्टँड आणि हाकेच्या अंतरावर व्हिक्टोरिया हॉस्पिटल आणि डोळ्यांचं मिंटो. म्हणजे बंगळूरला येणारा, बंगळूरहून जाणारा आणि बंगळुरात आजारी पडलेला, तिघांच्याही वाटेवर आमचं घर. त्यात दारावर मराठी आडनावाची पाटी.

तशी ही परंपरा जुनीच. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे बंगळूरवर चालून आले. त्यांनाही इथं कुणी आमंत्रण दिलेलं नव्हतं. गाव जहागिरीत मिळालं आणि ते राहिले. पुढं मोगलांच्या हातून हेच गाव तीन लाख रुपयांत चिक्कदेवराज वडेयरांकडं गेलं. आज व्हाइटफील्डात बऱ्यापैकी फ्लॅट भाड्यानं घ्यायचा तर तेवढं नुसतं डिपॉझिट मागतात. सांगायचा मुद्दा असा, की न सांगता येणं आणि आल्यावर राहणं या दोन्ही गोष्टींत आमच्या मंडळींना इथं साडेतीनशे वर्षांहून जास्त अनुभव आहे.

मामंजी रिटायर झाल्यापासून संध्याकाळी कट्ट्यावर बसत. रस्त्यानं जाणाऱ्याच्या तोंडून एक मराठी शब्द पडायचा अवकाश, की "कुठले हो तुम्ही?" निपाणी म्हणाला तर निपाणीतलं कुणीतरी ओळखीचं निघे. जत म्हणाला तर जतला आमची कुणी आत्या दिलेली असे. अगदीच धागा लागला नाही तर मामंजी म्हणत, "राहू द्या, जेवता जेवता आठवेल." आणि आत येऊन मला सांगत, "सूनबाई, एक पान वाढव." तोवर कट्ट्यावर दुसरं कुणीतरी येऊन बसलेलं असे.

यात सगळ्यात पक्के म्हणजे रात्रीच्या राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं बेळगाव-मिरजेकडं परतणारे. हायकोर्टाची तारीख, विधानसौधातलं काम, मुलाची मुलाखत असं काहीतरी उरकून ही मंडळी दिवेलागणीला बॅगांसकट हजर होत. "गाडीला वेळ आहे, म्हटलं भेटून जावं. जेवणाचं मात्र काही करू नका हं." या वाक्याचा खरा अर्थ फक्त यजमानीणबाईला कळतो. मिरजेचे एक काका तर पिशवीत दुसऱ्या नातेवाइकांनी दिलेला भरगच्च डबा ठेवून आमच्या पाटावर बसत. डब्याची आठवण केली की म्हणत, "तो गाडीत. प्रवासात भूक लागते."

मी नवी असतानाची गोष्ट. चौदा पोळ्या मोजून केल्या होत्या आणि ऐन वेळी काका तीन माणसं घेऊन आले. सासूबाई पानाशी बसल्या आणि दोनदा खोकल्या. मला वाटलं, तिखट लागलं असेल. नंतर कळलं, तो खोकला म्हणजे घरच्यांना हुकूम होता: पुढची पोळी कुणी घ्यायची नाही. मामंजी ताबडतोब म्हणाले, "आज पोट जरा जडच आहे." हे म्हणाले, "मी ऑफिसात खाल्लंय." धाकट्या दिरानं भुकेल्या तोंडानं ताट बाजूला सारलं. काकांनी मात्र पाचवी पोळी घेता घेता सासूबाईंना ज्येष्ठमध चघळायला सांगितलं आणि खोकला अंगावर काढू नये, म्हणून बजावलं. सासूबाईंनी जे पाहिलं त्यांच्याकडं, ते काकांनी कृतज्ञता म्हणून घेतलं.

मागच्या बोळापलीकडं एक अज्जी राहत. त्यांना भिंतीवरून आमचं सगळं ऐकू येई. दुसऱ्या दिवशी त्या वाटीत घरची सारिनपुडी घेऊन आल्या. ब्याडगी मिरची, धने, जिरे, मिरे, मेथी, मोहरी, कढीलिंब वेगवेगळं भाजून केलेली. मला चुलीशी उभं करून त्यांनी धडा दिला. तुरीची डाळ मऊ शिजवायची, निवू द्यायची. तळाची घट्ट डाळ वेगळी काढायची. तिचं भाजी घालून हुळी करायचं, नाहीतर हिंग-तुपाचं तोव्वे. वरचं पाणी ते सारूचं. त्यात चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, चमचाभर पुडी, मीठ. फेस धरू लागलं की लगेच उतरवायचं, खळखळा उकळायचं नाही. वरून तुपाची फोडणी. एकाच डाळीत दोन पदार्थ. आणि माणसं वाढली तर? अज्जींनी तांब्या उचलला. "नीरु हाकम्मा," पाणी घाल. पुन्हा वाढली तर? पुन्हा तांब्या. चव उतरली तर चिमूटभर पुडी आणि जरासं मीठ. फारच पातळ झालं तर? अज्जी हसल्या. त्याला तिळी सारू म्हणायचं, मुद्दाम केलंय म्हणून सांगायचं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. बाहेर आवाज वाढले की मी पदराला हात पुशीत दारापर्यंत जायची, "या, बसा" म्हणायची आणि तेवढ्यात चपलांचे जोड मोजून यायची. जेवढे जोड, तेवढी भांडी पाणी आणि त्या बेतानं मूठमूठ तांदूळ. पोळ्या सुटल्या. सासूबाईंचा खोकलाही बरा झाला. काकांनी याचं श्रेय ज्येष्ठमधाला दिलं.

चैत्रात मात्र वेगळाच हंगाम असे. रामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव 1939 पासून चालत आलेला, आणि तो फोर्ट हायस्कूलच्या मैदानात, म्हणजे आमच्या पायाशी. धारवाड-हुबळीकडून गाणं ऐकायला आलेले लोक भैरवीनंतर आमच्याकडं येत. भैरवी कधी संपावी याचं वेळापत्रक नसतं, तेव्हा जेवणही कधी दहाला, कधी अकराला. एकदा मामंजी एका मोठ्या गवयामागं तंबोरा धरून बसणाऱ्या शिष्यालाच घेऊन आले. पोरगा विशीतला, काटकुळा. दही वाढायला गेले तर म्हणाला, "नको, गळा." ताक? "गळा." लिंबू? "नको, गळा." मला कणव आली. मी पानाशेजारी कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवून आत वळले. परत येऊन बघते तर बरणीचा तळ दिसत होता. "गळ्याचं काय?" म्हटलं, तर शांतपणे म्हणाला, "गुरुजींनी लोणच्याबद्दल काही सांगितलेलं नाही."

मिंटोत मोतीबिंदू काढून घेतलेले हुक्केरीचे एक आजोबा आठवतात. डोळ्याला हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीच अधू. चार घास खाऊन ते भरल्या आवाजात म्हणाले, "मुली, वांग्याची भाजी करावी तर तूच." पानात भोपळा होता. कुणी काही बोललं नाही. माहेरच्यांना मात्र जेवणाइतकीच दुसरी ओढ असे. हनुमंतनगर जवळच, आणि तिथं बस कंडक्टर शिवाजीराव गायकवाड राहत असे, जो पुढं रजनीकांत झाला. साताऱ्याहून आलेला प्रत्येक भाऊ आधी ते घर बघायला जाई. परतल्यावर जेवताना भाताचा गोळा उडवून तोंडात झेलायचा प्रयोग होई. सारूचे डाग कशानं जातात हे मला त्या काळात कळलं.

पण सगळ्यांत मोठी पंगत झाली ती मेन आणि क्रॉसच्या कृपेनं. आमचं घर चौथ्या मेनवर पाचव्या क्रॉसला. पाचव्या मेनवर चौथ्या क्रॉसला आणखी एक मराठी कुटुंब, आणि आडनावही नेमकं तेच. एका रविवारी संध्याकाळी दारात मेटॅडोर थांबली आणि कोल्हापूरची आठ माणसं उतरली. मामंजी म्हणाले, "या, या, बसा." त्यांना अनोळखी पाहुण्यांचं काही वाटायचंच नाही. पाहुण्यांना यजमानांच्या अगत्याचं काही वाटलं नाही. मी पाणी दिलं. तेवढ्यात माहेरपणाला आलेली माझी नणंद पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मंडळी सावरून बसली. मधल्या एका काकूंनी विचारलं, "शिक्षण किती झालंय?" नणंदेला बोलायची हौस. "बी.कॉम." "स्वयंपाक?" "सगळा येतो." "गाणं?" "पूर्वी म्हणायची, आता वेळ कुठं मिळतो?" निळ्या शर्टातला मुलगा पोहे खायचे सोडून ऐकत राहिला होता. तेवढ्यात आतून तिचा तीन वर्षांचा लेक "आई, शी!" असं ओरडत धावत आला.

मेटॅडोरच्या ड्रायव्हरसकट सगळे गप्प झाले. कोल्हापूरच्या बुवांनी खिशातला कागद काढला, मामंजींनी चष्मा लावला आणि मेनच्या जागी क्रॉस गेल्याचं दोघांना कळलं. मंडळी लाजून उठू लागली. मामंजी म्हणाले, "पत्ता चुकलाय, जेवणाची वेळ चुकलेली नाही. बसा." यांना सायकलवर पाचव्या मेनला पिटाळलं. ते लोक दुपारपासून नटूनथटून वाट बघत होते. तेही मुलीसकट सहा जण आले. मी दारात जाऊन चपला मोजल्या आणि थेट कळशीच उचलली. त्या रात्री सारूत तूरडाळ किती होती हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कोल्हापूरच्या काकू पहिल्या भुरक्याला म्हणाल्या, "ही तर आपली कटाची आमटी की!" दुसऱ्या वाटीला म्हणाल्या, "त्याहून हलकी." हलकी होतीच. लग्न जमलं. आहेरात त्यांनी सासूबाईंना भलंमोठं पितळी पातेलं दिलं. सासूबाई म्हणाल्या, "हे बक्षीस नव्हे, ही पुढच्या वेळची तयारी आहे."

आता न सांगता कुणी येत नाही. व्हाइटफील्डकडचा पाहुणा निघताना कळवतो, मारतहळ्ळीला कळवतो आणि सिल्क बोर्डला पुन्हा कळवतो, कारण वाहतुकीत अडकल्यावर दुसरं काम नसतं. म्हणून गेल्या महिन्यात आम्हीच ठरवलं, आपण जाऊ. नणंदेचा तो लेक आता तिकडंच असतो. ऑक्टोबर 2023 पासून जांभळी मेट्रो थेट व्हाइटफील्डपर्यंत जाते. के. आर. मार्केटला चढलो, मॅजेस्टिकला गाडी बदलली. हातात सारूचा डबा. स्टेशनावरच्या तपासणीत बाईंनी विचारलं, "एनिदु?" म्हटलं, "सारू." "होगि," म्हणाल्या. बंगळुरात सारूवर संशय घेत नाहीत.

सोसायटीच्या गेटवर मात्र अडलो. पाहुणे असाल तर मोबाइलवर कोड लागतो, आणि भाचा फोन उचलेना. रखवालदारानं डब्याकडं पाहिलं. "खाना है?" "हो." "डिलिव्हरी? तो पहले बोलना था." आणि आम्हाला सामानाच्या लिफ्टनं वर पाठवलं. भाच्यानं फोन कानाला लावूनच दार उघडलं, डबा घेतला, मामाला "थँक्यू भैया" म्हणाला आणि दार लावून घेतलं. हे बेल वाजवायला निघाले. मी म्हटलं, "थांबा. झाकण उघडू द्या."

पुरता मिनिटही झाला नसेल. दार धाडकन उघडलं. "मामी! कळवायचं तरी!" आत गेलो तर बायकोचे चार मित्र-मैत्रिणी जेवायला बसलेले. पोळ्या करणाऱ्या बाई मोजून पंधरा करून गेलेल्या. भाच्यानं टेबलाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि दोनदा खोकला.

त्याची बायको इंदूरची. ती म्हणाली, "सिरप देऊ का?"