कुठल्या गटाचा?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जुने नकाशे जमवणाऱ्याला लोक आधी विचारतात, ‘‘केस कुठल्या कोर्टात आहे?’’ माणूस तिकिटं जमवेल, नाणी जमवेल. पण त्यानं नकाशा बाहेर काढला म्हणजे कुठंतरी बांध कोरला गेलेला असणार आणि पलीकडं चुलतभाऊ उभा असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

माझ्याकडं एका इंग्रजी अ‍ॅटलासातलं दख्खनचं पान आहे. पाहुण्यांना मी उत्साहानं सांगतो. कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरली, चरांत शाई भरली, वरची पुसली, ओलसर कागद ठेवून पत्रा जड रुळांमधून काढला. म्हणून नकाशाच्या चारी बाजूंना पत्र्याच्या कडेचा दाब उमटलाय, बोट फिरवा, लागेल. रंग नंतर हातानं भरलेत. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर माल अलीकडचा समजायचा. पाहुणे चहा संपेपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, ‘‘ते खरं, पण ह्यात आपलं रान कुठं आलं?’’

दुकानदार सहसा अख्खा अ‍ॅटलास विकत नाहीत, पानं सुटी करून विकतात, त्यात पैसा जास्त, एवढं मात्र सगळ्यांना चटकन पटलं. तुकडे पाडून विकायचं शास्त्र आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

मेजर जेम्स रेनेलचा १७८२चा हिंदुस्थानचा नकाशा माझ्या ऐपतीबाहेरचा, त्याचं पुस्तकातलं चित्र आत्याला दाखवलं. त्याच्या कोपऱ्यात ब्रिटानिया देवी उभी आहे आणि पंडित तिच्या हाती आपल्या पोथ्या सोपवताहेत. आत्यानं चष्मा पुसला. ‘‘मूळ कागद असे देतात होय कुणाच्या हाती? झेरॉक्स द्यायची.’’ वसाहतवादावर याहून नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही.

छंदाला घराणं म्हणावं तर साताऱ्याचे द. ब. पारसनीस. मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणवीसांचं दप्तर त्यांनी मिळवलं. जुने कागद, चित्रं, नकाशे जमवले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. हा विषय जुन्या सातारकरापुढं काढू नये.

आणि सांगली? ती तर वाटणीतूनच उभी राहिली. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांशी पुतण्या चिंतामणरावांचं बिनसलं आणि १८०१च्या सुमारास सांगलीची पाती वेगळी झाली. संस्थानाचा मुलूख सलग नव्हताच; मंगळवेढा इकडं, शिरहट्टी पार तिकडं. रंगीत नकाशात ते ठिपके पाहिले की इंग्रजांच्या रंगाऱ्याची कीव येते. माझा लाडका नकाशा ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्याचा. हा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मिरजेच्या पाहुण्यांना तो दाखवला की साताऱ्याचे पाहुणे उगीचच खुशीत येतात.

पण गावाकडं खरा जुना नकाशा म्हणजे टिपण. मोजणीदार शंकूसाखळी ओढत शेतातून फिरायचा. साखळी तेहतीस फुटांची आणि रुपयासारखीच सोळा आण्यांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस म्हणजे एकर. टिपणाचं चित्र प्रमाणात नसतं, खरे असतात ते आकडे. पुढं गावनकाशे पुण्याच्या फोटोझिंको छापखान्यात जस्ताच्या पत्र्यांवरून छापले गेले. तरी भांडण पेटलं की लोक टिपणावरच येतात. त्या पिवळ्या कागदावर कारागिरी शून्य, पण लंडनच्या कुठल्याही नकाशाकडं इतक्या जणांनी इतका वेळ टक लावून पाहिलं नसेल.

हल्ली माझ्या भिंगाला गावात मागणी आहे. परवा काका घडीवर फाटत आलेलं टिपण घेऊन आले. दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, ‘‘बांध आना-दीड आना सरकलाय का, तेवढं बघ. आपल्याकडं सरकला आसंल तर मला सांग. त्यांच्या अंगावर गेला आसंल, तर तुला नीट वाचता आलं नाही.’’