दौंडकराला रेल्वे शिकवू नये

जपानहून परतल्यापासून आमच्याकडे सल्ला विचारायला माणसं येतात. कुणाची मुलगी पुण्यात जपानी शिकून टोकियोला निघालेली असते, कुणाच्या पुतण्याला तिकडची कार्टूनची दुकानं बघायची असतात. मी खुर्चीत सरसावून बसतो, घसा साफ करतो, तेवढ्यात ही चहा घेऊन येते. मग सल्ला तीच देते.

वास्तविक हा मान माझा. मी जन्माचा दौंडकर. आमच्याकडून मनमाडला १८७८ सालापासून गाडी जाते. मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला मागचं पुढे होतं आणि तोंड पुढे करून बसलेला माणूस तिथून पाठमोरा पुण्याला जातो, हे आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हिचं माहेर शिरूर, जुन्या माणसांची घोडनदी. तिथे आजतागायत रेल्वे नाही. त्यामुळे लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी घरातलं रेल्वे खातं माझ्याकडेच आहे.

भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथे आपली इतकी माणसं आहेत की त्या वॉर्डातून २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचा आपला मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. भाच्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत. माझ्या मागे मागे या. चुकलातच तर शिबुयाला कुत्र्याच्या पुतळ्यापाशी या." दौंडकराला स्टेशनात चुकण्याची भीती घालणारा हा कोण, म्हणून मी मुद्दाम वेगळ्या जिन्याने चढलो, दोन भुयारं आणि एक मिठाईचं दुकान ओलांडलं, तीनदा त्याच फुलवालीला नमस्कार केला आणि शेवटी हिरव्या पट्ट्याची यामानोते लाईनची गाडी दिसली तिच्यात बसलो. शिबुया तिसरं स्टेशन, फार तर सात-आठ मिनिटं. पण डब्यात कुणी कुणाशी बोलेना, फोनसुद्धा मुके, आणि त्या शांततेत मोठ्याने विचारायची मला लाज वाटली. म्हटलं, शेवटचं स्टेशन येऊ दे, सगळे उतरतील, तेव्हा विचारू. तीस स्टेशनं झाली तरी शेवटचं येईना.

ती लाईन गोल आहे.

पोचलो तेव्हा ही हाचिकोच्या पुतळ्याशेजारी उभी होती. हा कुत्रा रोज संध्याकाळी मालकाला घ्यायला स्टेशनात यायचा. मालक, म्हणजे प्राध्यापक उएनो, १९२५ साली वारले, तरी हा पुढे जवळजवळ दहा वर्षं येत राहिला. दोघांच्या चेहऱ्यांवर एकच भाव होता. फरक इतकाच, की कुत्रा काही बोलला नाही.

क्योटोला जाताना मात्र अब्रू भरून काढायचा मी निश्चय केला. शिंकानसेन शेवटच्या स्टेशनात आली की तिथे माणसं चढून सगळ्या खुर्च्याच फिरवून ठेवतात, म्हणजे कुणालाच पाठमोरं जावं लागत नाही. इंजिन फिरवून अख्खी गाडी उलटी नेणाऱ्या गावात आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघून भरून आलं. ही हात धुवायला गेलेली बघून ती कळ कुठे असते ते शोधायला मी वाकलो, पाय कशावर तरी पडला आणि आमची जोडखुर्ची गर्रकन फिरून मागच्या रांगेकडे तोंड करून बसली. मागे एक आजोबा नुकताच जेवणाचा डबा उघडत होते. त्यांनी अदबीने वाकून नमस्कार केला. मीही केला. आमची डोकी आपटली.

क्योटोत एका जुन्या शाळेच्या इमारतीत मांगाचं, म्हणजे तिकडच्या चित्रकथांचं, संग्रहालय आहे. २००६ साली उघडलेलं, पुस्तकं तीनेक लाख. बाहेर हिरवळीवर चांगली मोठी माणसं लोळून वाचत होती. तीस वर्षं मी मास्तरकी केली आणि दप्तरं झाडून हेच गोळा केलं. ही कपाटांकडे बघत म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्ही जप्त केलेलंच का?"

नातीचं काम राहिलं होतं. डोरेमॉन बघून बघून ती घरात हिंदीच बोलते, आणि तिचा हुकूम होता, "आबा, एनीव्हेअर डोअर के साथ फोटो चाहिए." डोरेमॉनच्या चित्रकाराचं संग्रहालय कावासाकीला आहे आणि ठरलेल्या वेळेचं आधी काढलेलं तिकीट लागतं. भाच्याने ते काढून माझ्याच हातात दिलं होतं. आता जपानात रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही, त्यामुळे चार दिवसांचा ऐवज माझ्या खिशात साठलेला. दारावर तिकीट शोधताना त्यातून चिक्कीचे कागद, केळ्याची साल, शेंगदाण्याची टरफलं, चहाचा कप, आणि हिचा दोन दिवस हरवलेला चष्मा निघाला. मागे उभ्या असलेल्या पोरांना वाटलं, खेळ सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गच्चीवर ते गुलाबी दार आहे. भिंत नाही, खोली नाही, नुसतं दार. मी आत शिरलो आणि पलीकडे हिच्यासमोरच निघालो. जपानात मी बरोबर बाहेर पडलो असं ते एकच दार.

परत येताना पुण्याहून मनमाडकडची गाडी धरली. मध्ये एका छोट्याशा स्टेशनात गाडी थांबली. ही म्हणाली, "अहो, उतरायचं ना? दौंड लिहिलंय." मी पाटीकडे ढुंकूनही न बघता म्हटलं, "दौंड असं असतं होय? अजून इंजिन फिरायचंय. तू बस." ते दौंड कॉर्ड लाईन होतं. इंजिन न फिरवता गाड्या परभारे काढण्यासाठी अलीकडे बांधलेलं.

नगरला उतरलो. हिने सरळ एसटी स्टँड गाठला, पुण्याची गाडी बघितली, शिरूरची दोन तिकिटं काढली आणि भावाला फोन लावला. "दादा, वहिनीला भात जास्त टाकायला सांग. हो, जपानहूनच येतोय. नगरमार्गे."