हात वगळून

डोंबिवलीत पूर्वी दर मजल्यावर एक शिकवणी असायची, आता एक ब्रँड असतो. जिन्याखालच्या पाटीवर कुलकर्णी, म्हात्रे, पाटील एवढंच दिसतं. खरी वस्ती कळायला इन्स्टाग्राम उघडावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर सुगंधी मेणबत्त्या होतात, दुसऱ्यावर मातीचे दागिने, आणि चौथ्यावर लोकांच्या लग्नातल्या वरमाला रेझिनमध्ये कायमच्या बसवून मिळतात. हार आधी सिलिका जेलमध्ये सुकवतात, मग त्यावर रेझिनचे थर ओततात, आणि दिवसभर तिकडे कुणी शिंकायचंही नाही. संसाराचं माहीत नाही, निशिगंध मात्र टिकतो. पुढेमागे काडीमोड झाला तर ती फ्रेम कुणी न्यायची, याची तरतूद अजून कायद्यात नाही.

ब्रँडचं नाव ठेवायची रीतही आता ठरून गेली आहे. ‘धागा’, ‘माती’, ‘ऊब’ असा एखादा मऊ शब्द घ्यायचा, त्याला ‘स्टोरीज’ जोडायचं आणि खाली बारीक अक्षरात ‘मेड विथ लव्ह’ लिहायचं. एकदा प्रेमाने केलं असं जाहीर झालं की किती वेळात केलं, हे विचारायची सोय उरत नाही. प्रेमाला ताशी दर नसतो.

आमच्या वहिनी क्रोशाच्या. खणाच्या पट्टीला क्रोशाची झालर लावलेलं तोरण ही त्यांची खासियत. दादा बँकेतून निवृत्त झाल्यावर पॅकिंग खात्यात रुजू झाला. त्याला पगार नाही, पण रागावण्याचे सर्व अधिकार वहिनींकडे आहेत. गिऱ्हाईक फोनमध्ये राहतं. त्याचा पहिला शब्द ‘पीपी’, म्हणजे प्राइस प्लीज.  जाणत्या बायका फोटोखाली किंमत लिहीतच नाहीत. लिहिली तर कुणी विचारत नाही आणि कुणी विचारलं नाही तर अल्गोरिदम रुसतं. जावई परवडला, इतकं त्याचं मन राखावं लागतं. किंमत सांगितली की पलीकडून उत्तर येतं, ‘ओह’. मग अर्धा तास शांतता. मग, ‘माझी आजी असली तोरणं फुकट करायची.’ आजी ती फुकट करायची हे खरंच आहे. तिला विचारून करून घेत होते का, एवढंच कुणी विचारलेलं नाही.

परवा एकीने मांजराचा फोटो पाठवला, ‘अगदी अस्संच हवंय’ म्हणून. लोकरीचं मांजर, लोकरीच्या मिशा, डोळ्यांत चक्क पाणी. वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला. टाके कुठून निघत नव्हते, कुठे जात नव्हते आणि मागच्या एका पायाला आणखी एक पाय फुटला होता. वहिनींनी नम्रपणे कळवलं, की ताई, हे चित्र एआयचं आहे, असं विणता येत नाही. उत्तर आलं, ‘तुम्हाला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा ना.’

दादाने बँकेतली सवय म्हणून एका तोरणाचा हिशेब मांडला. विक्री साडेसहाशे रुपये. दोरा १४०, खण ३०, मणी २५. खोका, आतला मऊ कागद, बाहेरचं स्टिकर आणि ‘थँक यू’चं छापील कार्ड मिळून ६०. कुरियर ८०. त्या महिन्यात पोस्ट ‘बूस्ट’ केली त्याचे वाट्याला आलेले १००. ज्या संकेतस्थळावरून विकलं त्याचं कमिशन ४०. उरले १७५. तोरणाला लागलेले तास अकरा. म्हणजे तासाला सोळा रुपयेही नाहीत, आणि दादा तर बिनपगारीच आहे. त्याने वहीत ‘हात’ अशी एक ओळ घातली होती, ती नंतर खोडली. ताळेबंद जुळेना म्हणाला. खोकेवाला, कागदवाला, कुरियरवाला, फोनमधला तो रुसवा, सगळ्यांचे पैसे रोखठोक वसूल. फक्त ज्या एका गोष्टीसाठी हे तोरण घेतलं जातं तिच्या नावावर काही नाही. कार्डावर मात्र ‘हे तुमच्यासाठी प्रेमाने, हाताने बनवलं आहे’ असं सुंदर अक्षरात आहे. कार्ड छापखान्यातून येतं, शंभराच्या गठ्ठ्यात.

‘बरं आहे हो, तेवढाच वेळ जातो,’ असं नातेवाईक वहिनींना म्हणतात. सकाळी दोन डबे, दुपारी सासूबाईंची फिजिओथेरपी, संध्याकाळी नातवाचं कराटे, या सगळ्यातून वहिनींचा वेळ जात नव्हता बहुतेक, म्हणून त्या रात्री अकरानंतर सुई हातात घेतात. लोकलमध्ये विणून पाहिलं होतं त्यांनी. डोंबिवली फास्टमध्ये क्रोशाची सुई काढली तर ती कुणाच्या तरी दंडात जाते आणि मग ठाण्यापर्यंत हस्तकलेवर नव्हे, हस्तक्षेपावर चर्चा होते.

आता एक गोष्ट, जी मॉलमधल्या थंड हवेत सहसा लक्षात येत नाही. स्वेटर विणायला यंत्र आहे, लेस करायला यंत्र आहे, भरतकामाला तर संगणकावर चालणारं यंत्र आहे. खरा क्रोशा करणारं यंत्र मात्र कुठल्या कारखान्यात चालू नाही. विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर हारीने उभे असतात, ते यंत्राला मोजता येतात. क्रोशात सुईवर मोजके वेढे, आणि सुई पुढच्या टाक्यासाठी मागच्या कुठल्याही भोकात शिरते. साखळी, मुका खांब, खांब, हे कुठे घालायचं ते बोटांना ठरवावं लागतं. यंत्रं जे काढतात ते क्रोशासारखं दिसणारं कापड. तेव्हा मॉलमध्ये सहाशे रुपयांना लटकवलेला टॉप खऱ्या क्रोशाचा असेल, तर तोही कुठल्यातरी बाईने (बहुधा बाईनेच) हाताने केलेला आहे. वहिनींना तासाला सोळा रुपयांची खंत वाटते, पण दुकानाचं भाडं, एसी, जाहिरात आणि सेलची सूट वजा जाता तिला काय पडलं असेल, तो हिशेब दादाने केला नाही. तो म्हणाला, जेवायची वेळ झाली.

आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, त्या भागात नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती जहाजांतून परदेशी जाऊ लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसवाल्यांवर पुस्तक लिहिलं, ते १९८२ मध्ये निघालं. त्यांना तिथे काय दिसलं? बायका रोज कित्येक तास सुई चालवतात, माल परदेशात विकला जातो, व्यापारी आणि निर्यातदार पुरुष श्रीमंत होतात. आणि विणणारी बाई मात्र सगळ्यांच्या लेखी, तिच्या स्वतःच्याही लेखी, घरी बसलेली गृहिणी. तिचं काम फावल्या वेळातलं. फावल्या वेळाला मजुरी कशाला द्यायची? मला ही फार थोर व्यापारी कल्पना वाटते. कारखाना उभारायला जागा लागते, वीज लागते, युनियन होते. ‘फावला वेळ’ म्हटलं की यातलं काहीच लागत नाही, चहासुद्धा ती स्वतःच करून घेते.

मधला माणूस गेला आणि ऑनलाइन दुकान आलं, तेव्हा आता तरी हाताला दाम मिळेल असं वाटलं होतं. अमेरिकेत ब्रुकलिनला २००५ मध्ये एट्सी सुरू झाली ती याच आशेवर. फक्त हाताने केलेल्या, जुन्यापुराण्या आणि हस्तकलेला लागणाऱ्या वस्तू, कारखान्याचं काही नको. धंदा वाढला. वाढलेल्या धंद्याला दोन हात पुरेनात, म्हणून २०१३ मध्ये कंपनीने नियम सैल केले. कल्पना तुमची असेल तर माल बाहेरच्या कारखान्याकडून करून घेतला तरी चालेल. कारखान्यातही शेवटी कुणाचे तरी हात असतातच, हे नाकारता येत नाही. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. विक्रीवरचं कमिशन साडेतीन टक्के होतं, ते २०१८ मध्ये पाच झालं आणि २०२२ मध्ये साडेसहा. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी एप्रिलमध्ये आठवडाभर दुकानांना टाळं लावलं. विणकरांचा, कुंभारांचा, साबण करणाऱ्या बायकांचा संप! कमिशन साडेसहाच राहिलं. आमच्या गिरणगावात आधी कुणाला विचारलं असतं, तर संप कसा संपतो हे त्यांनी फुकट सांगितलं असतं.

आपलं सरकार या बाबतीत जास्त बारकाईने विचार करतं. दुकान मांडून माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. तोच माल ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचा, तर मात्र पहिल्या तोरणापासून नोंदणी, असा कायदा होता. डोंबिवलीच्या फडके रोडवर बसून विकलं तर लघुउद्योग, फोनवरून विकलं तर जणू टाटा समूह. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात दया दाखवण्यात आली. राज्यातल्या राज्यात विकणार असाल तर लहान विक्रेत्याला सूट. राज्याबाहेर गेलात की पुन्हा सगळं आलं. (हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंची एक वेगळी यादी आहे आणि तिला वेगळी सवलत आहे. खणाचं आणि क्रोशाचं मिश्र तोरण त्या यादीत नेमकं कुठे बसतं, हे सीएला विचारावं. सीएची फी तोरणापेक्षा जास्त आहे.)

म्हणजे वहिनी गोंदियाला तोरण पाठवू शकतात. जवळजवळ हजार किलोमीटर, काही अडचण नाही. पण बेळगावच्या मावशींनी त्याच संकेतस्थळावरून मागवलं की ते परराज्य. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, त्यासाठी माणसं तुरुंगात गेली, खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि तो प्रत्यक्षात सुटेपर्यंत तोरण डोंबिवलीतच थांबलं आहे. यातली मौज अशी की त्या तोरणाचा खण मुळात तिकडूनच येतो. मराठी अस्मितेचं जे कापड हल्ली तोरणाला, डायरीला, चपलेच्या पट्ट्याला, मोबाईलच्या पिशवीला आणि करोनात तोंडालाही लागलं, ते विणण्याचं मोठं केंद्र कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला आहे. खण येतो तेव्हा सीमा आडवी येत नाही. झालर लावून परत निघाला की येते.

अमेरिकेचं तर विचारूच नका. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिथे जकात नव्हती, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ ला गेली. त्याआधी चार दिवस आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. न्यू जर्सीच्या मराठी घरांत ज्यांनी टपालाने आकाशकंदील मागवायचं ठरवलं होतं, त्यांनी तो तुळशीच्या लग्नाला लावला असावा, किंवा ख्रिसमसला. तारा दोन्हीकडे चालतो.

तर गेल्या महिन्यात वहिनींना त्यांची सर्वांत मोठी ऑर्डर आली. मुंजीच्या परतभेटीसाठी एकशे वीस छोटी तोरणं, दहा दिवसांत. मुलाच्या आईने अपेक्षा नीट लिहून पाठवल्या होत्या. ‘हँडमेड आहे हे दिसलं पाहिजे, पण सगळी एकसारखी हवीत. एकही टाका वेगळा नको. नमुना म्हणून एक आधी फुकट पाठवा. तुमचीच जाहिरात होईल.’ वहिनींनी कॅलेंडर पाहिलं, मग स्वतःची बोटं पाहिली आणि दादाला वही आणायला सांगितली. या वेळी कोटेशन त्यांनी स्वतः लिहिलं. दोरा इतका, खण इतका, खोका इतका, आणि खाली ठसठशीत अक्षरात, ‘हाताचे: एका नगाला २२० रुपये.’ पाठवा म्हणाल्या. दादाचा अंगठा थरथरला, पण त्याने पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘बाकी सगळं ओके आहे, फक्त हाताचं तेवढं कमी करता येईल का? वाटलं तर हात काढूनच टाका. खोके मात्र हेच ठेवा, ते फार गोड आहेत.’

वहिनींनी काढून टाकला. एकशे वीस रिकामे खोके, आतल्या मऊ कागदासह आणि प्रत्येकात ते छापील कार्ड, साठ रुपये नग, कुरियर वेगळं. दादाने एका दुपारात बांधून दिले. मुंज झाली, आईंनी त्यात मिलचे रुमाल भरले, आणि पाच तारे देऊन लिहिलं की क्वालिटी अप्रतिम, हाताने केलेल्याची गोष्टच वेगळी.