लाखांची सहल आणि एका युरोचे दुःख

मार्गदर्शकासह निघणारी परदेशी समूहसहल, म्हणजे विमान, हॉटेल, बस, जेवण, प्रवेशतिकिटे आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारा टूर मॅनेजर अशी एकगठ्ठा विकली जाणारी मोट, ही मराठी मध्यमवर्गाने घर, लग्न आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखाल गांभीर्याने घेतलेली आर्थिक घटना आहे. या घटनेच्या अभ्यासकाला एक विसंगती सुरुवातीलाच आढळते. ज्या कुटुंबाने युरोपसाठी माणशी तीन लाख रुपये फारशी खळखळ न करता भरलेले असतात, तेच कुटुंब जर्मनीतील महामार्गावर एका स्वच्छतागृहाच्या दारात एका युरोसाठी थबकते, आपसात सल्लामसलत करते आणि ‘हॉटेलवर गेल्यावर बघू’ असा ठराव एकमताने संमत करून बसकडे परत फिरते. या अंदाजपत्रकात हत्ती सहज निघून जातो आणि शेपूट तेवढे अडकते, त्यामुळे प्रस्तुत विवेचनात शेपटाला हत्तीहून अधिक जागा देण्यात आली आहे.

या व्यवसायाचा आद्यपुरुष मानला जाणारा टॉमस कुक याने 5 जुलै 1841 रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास आगगाडीने माणशी एक शिलिंगात नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी होय. आजच्या सहलीच्या अखेरच्या दिवशी ड्युटी-फ्री दुकानातील बाटल्यांपुढे जी गर्दी होते, तिच्यात या उगमाचा मागमूस उरलेला नाही; मात्र ‘माणशी अमुक’ असा एकच आकडा सांगावा म्हणजे गिऱ्हाईक एकदाच दचकते, ही व्यापारी युक्ती अजून शाबूत आहे, निदान जाहिरातीच्या मथळ्यापुरती तरी. मथळ्याखालच्या बारीक अक्षरांत तो आकडा हळूहळू बाळसे धरू लागतो. तो बहुधा ट्विन शेअरिंगचा, म्हणजे दोघांनी एक खोली वाटून घेण्याचा असतो; एकट्याला स्वतंत्र खोली हवी असल्यास सिंगल सप्लिमेंट नावाची जादा रक्कम पडते, जिला घोरणाऱ्या सोबत्यापासून मिळणाऱ्या मुक्तीचे मूल्य म्हणता येईल. त्यावर जीएसटी येतो आणि त्याच्या मागोमाग टीसीएस, म्हणजे सहल विकतानाच विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारजमा करायचा आयकराचा आगाऊ हप्ता, येतो. परदेशी सहलींवर तो 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झाला, सुरुवातीला 5 टक्के होता, ऑक्टोबर 2023 पासून वर्षाला 7 लाखांवरच्या रकमेला 20 टक्के झाला आणि 2025 मध्ये ही मर्यादा 10 लाखांवर गेली. तेव्हा नोंदणीच्या दिवशीचा दर विचारून घेणे शहाणपणाचे. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्र भरताना देय करातून वजा होते किंवा परत मिळते. परंतु सहलीच्या वेळी ती खिशातून जातेच आणि परत येते तेव्हा मात्र ती सरकारने प्रसन्न होऊन दिलेली देणगी समजून त्याच आठवड्यात सोफ्याचे कापड बदलण्यात खर्ची पडते.

किमतीइतकीच काळजीपूर्वक वाचावयाची गोष्ट म्हणजे कार्यक्रमपत्रिकेतील क्रियापदे. ‘पाहू’ याचा अर्थ बसच्या काचेतून, ‘फोटो स्टॉप’ याचा अर्थ खाली उतरून वास्तूकडे पाठ करून, आणि ‘प्रवेश’ याचाच अर्थ आत जाऊन. एकाच मनोऱ्याचे या तीन क्रियापदांनुसार तीन खर्च होतात. आयफेल टॉवरच्या बाबतीत तर ‘प्रवेश’ शब्दाचेही मजले असतात, आणि दुसऱ्या मजल्याचे तिकीट समाविष्ट असलेल्या कुटुंबाला सर्वांत वरचा मजला दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावरच दिसतो. जे समाविष्ट नाही ते ‘ऑप्शनल’ या सदरात मोडते. ऐच्छिक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नौकाविहाराला किंवा रात्रीच्या रोषणाईला बसमधील बहुसंख्य मंडळी गेली की मागे राहणाऱ्याची इच्छा आपोआप जागृत होते, म्हणून अनुभवी मंडळी ऐच्छिक खर्च अनिवार्य सदरातच मांडतात. त्याच सदरात मार्गदर्शक आणि बसचालक यांची टीप आणि इटलीतील अनेक शहरांत हॉटेलमुक्कामावर दर रात्री माणशी पडणारा शहरकर यांचीही नोंद करावी.

व्हिसा हा भाग कागदांच्या मानाने थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील 29 देशांना एकत्रित लागू होणारी प्रवेशाची परवानगी, हिचे प्रौढांसाठीचे शुल्क 11 जून 2024 पासून 90 युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा असावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि छायाचित्र 35 बाय 45 मिलिमीटरचे लागते, ज्यात अर्जदार हसलेला चालत नाही. या सर्व कागदपत्रांचा मथितार्थ असा की, अर्जदार श्रीमंत आहे आणि तरीही तो मायदेशी परत येणार आहे, हे त्याने सिद्ध करावयाचे असते. बँकेच्या पासबुकात पूर्वी कधी नव्हती एवढी शिल्लक या काळात दिसावी म्हणून मेहुण्याकडून तात्पुरती आणलेली रक्कम दूतावासातील मंडळींना लांबूनच ओळखू येते, तेव्हा तो मार्ग टाळलेला बरा. डोंबिवलीत दोन खोल्या आणि दादरला सासूबाई असलेला मनुष्य लक्झेंबर्गमध्ये कायमचा का राहील, हा युक्तिवाद वास्तविक पुरेसा ठरावा. पण अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

पूर्वतयारीचा खरा मध्यबिंदू म्हणजे बॅग. विमानात साधारणपणे 23 किलोची एक बॅग सामानात आणि 7 किलोची एक हाती नेता येते; नेमका आकडा तिकिटावर पाहावा. हे वजन करण्याची गृहोपयोगी पद्धत अशी की, घरातील कर्त्या पुरुषाने बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग बॅग ठेवून पुन्हा उभे राहावे आणि वजाबाकी करावी. या पद्धतीत बॅगेचे वजन अर्धा किलो इकडेतिकडे झाले तरी कर्त्या पुरुषाचे वजन मात्र सर्व कुटुंबासमक्ष अचूक जाहीर होते आणि पुढील दहा मिनिटे चर्चा बॅगेकडे वळत नाही. ती वळते तेव्हा असे निष्पन्न होते की, कपड्यांचे वजन अकरा किलो असून उरलेली बॅग भाजणी, मेतकूट, दशम्या, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा, इन्स्टंट उपमा आणि लोणच्याच्या बरणीने व्यापली आहे. सहलीच्या किमतीत तिन्ही वेळचे जेवण, तेही भारतीय, बहुधा अंतर्भूत असताना हा साठा का, असा प्रश्न पाश्चात्त्य अभ्यासकाला पडेल. परंतु येथे चिवडा हा खाद्यपदार्थ नसून आकस्मिकता निधी आहे, आणि असा निधी शिल्लक राहिला यातच नियोजनाचे यश मानले जाते.

या निधीवर दोन कायद्यांची नजर असते. सुके खोबरे विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कोपरा या नावाने, 1363 या क्रमांकासह, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, त्यामुळे विमानतळावर खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या जातात आणि लसणीची चटणी डोळ्यांत पाणी आणते ते तिखटाशिवाय. दुसरीकडे युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास, बाळाच्या दुधासारखे मोजके अपवाद सोडता, मनाई आहे, तेव्हा पेढे, बर्फी आणि साजूक तुपाची बाटली घरीच ठेवलेली बरी. बेसनाच्या लाडवातील तूप हा दुग्धजन्य पदार्थ की लाडवाचा स्वभावधर्म, हा प्रश्न तात्त्विकदृष्ट्या रोचक असला तरी कस्टमच्या अधिकाऱ्याशी चर्चेला घेण्यासारखा नाही. गंमत अशी की, ताज्या फळांना युरोपात लागणाऱ्या आरोग्यदाखल्यातून ज्या पाच फळांना सूट आहे त्यांत केळे, अननस, खजूर आणि डुरियन यांच्या पंगतीला नारळही बसलेला आहे. म्हणजे ओला नारळ युरोपला चालतो आणि सुके खोबरे विमानाला चालत नाही. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवू नये, कारण 100 मिलिलिटरच्या नियमापुढे लोणचे हा द्रवच ठरतो. उलट पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत न्यावी लागते. प्रत्यक्षात घरोघरी यांची जागा नेमकी उलट असते.

आता शेपटाकडे वळता येईल. युरोपातील बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असून साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि एरवी दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक चालवता येत नाही. टॅकोग्राफ नावाचे यंत्र याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. ‘दादा, घ्या ना जरा पुढे, वाटेत धबधबा आहे’ या विनंतीचा या यंत्रावर परिणाम होत नाही. चालकाची ही सक्तीची विश्रांती जेथे घडते, त्या महामार्गावरील थांब्यावरच प्रवाशांच्या सुट्या नाण्यांची परीक्षा होते. जर्मनीत अशा अनेक ठिकाणी स्वच्छतागृहाच्या दाराशी फिरती फाटके असून नोव्हेंबर 2022 पासून त्यांचा दर 70 सेंटवरून 1 युरोवर गेला आहे. फाटकातून आत जाताना एका युरोची पावती हाती येते, जी शेजारच्या दुकानात वापरता येते. परंतु एका युरोत मिळेल अशी वस्तू त्या दुकानात सहसा नसते, त्यामुळे एक युरो वसूल करण्यासाठी चार युरोंची कॉफी घेतली जाते आणि कॉफीचा शरीरशास्त्रीय परिणाम पुढील थांब्यावर आणखी एक युरो मागतो. फाटकापाशी बसमधील नातीही नव्याने ठरतात. सकाळपर्यंत ‘मिसेस कुलकर्णी’ असलेल्या बाई ‘वहिनी, सुटे आहेत का हो एक युरो?’ या प्रश्नासरशी वहिनी होतात, आणि ‘आहेत, पण रात्री आठवणीने द्या हं भाऊजी’ या उत्तराने दिराचे नातेही कर्जासह प्रस्थापित होते.

या दुःखाचे कारण अंकगणितात आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात पोचल्यापासून गुणाकार तोंडी करता येऊ लागला, आणि त्या दरवाढीपासून प्रवाशाला झालेला हा एकमेव लाभ त्याच्या मनःशांतीच्या मुळावर आला. पाण्याची अर्धा लिटरची बाटली अडीच युरोंना दिसली की तहान अडीचशे रुपयांची होते. वस्तुतः रोममध्ये रस्तोरस्ती दोन-अडीच हजार नळ पिण्याचे पाणी अखंड वाहवत असतात, पॅरिसमध्ये वॉलेस नावाची सार्वजनिक कारंजी 1872 पासून हेच काम करतात आणि स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलच्या नळाचे पाणीही पिण्याजोगे असते. रिकामी बाटली जवळ बाळगली की हा खर्च शून्यावर येतो. परंतु जे फुकट आहे त्यात काहीतरी खोट असणारच, या पिढीजात शहाणपणामुळे नळाचे पाणी संशयास्पद ठरते आणि बाटलीचे महाग वाटते, तेव्हा दिवसभर कोणीच पाणी पीत नाही. स्वच्छतागृहाचा युरो वाचतो, हा या उपवासाचा आनुषंगिक फायदा.

कार्डाने पैसे देताना यंत्र कधीकधी ‘रुपयांत की युरोत’ असे विचारते. परक्या मुलुखात आपले चलन दिसल्याच्या आनंदात रुपये निवडणाऱ्याला दुकानाकडच्या यंत्रणेचा महाग दर पडतो, म्हणून स्थानिक चलनच निवडावे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असले तरी तेथील चलन फ्रँक आहे. दुकानदार पुष्कळदा युरो घेतो, पण सुटे फ्रँकमध्ये देतो, आणि नोटा बदलून देणारे भारतातील दलाल नाणी घेत नाहीत, तेव्हा त्या नाण्यांची चॉकलेटे करून टाकणे हाच मार्ग उरतो. चॉकलेटे स्मरणवस्तूंच्या दुकानाऐवजी मिग्रो किंवा कोऑप या तेथील साध्या किराणा बाजारांतून घ्यावीत, कारण वाटपाच्या यादीत सोसायटीचा सचिव, दोन कार्यालये, पाच आत्या आणि ज्यांनी मागील वर्षी दुबईहून काहीच आणले नाही तेही असतात. यादीतील शेवटच्यांना सर्वांत मोठा डबा द्यावा लागतो, हा सामाजिक खर्च कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो.

या सर्वांवर शास्त्रशुद्ध उपाय असा की, निघण्यापूर्वीच माणशी दीडशे ते दोनशे युरो, त्यांतील काही शक्य तितक्या लहान नोटांत, वेगळे काढून प्रत्येकाच्या स्वाधीन करावेत आणि ते त्याच दिवशी खर्ची टाकून हिशेबाची वही बंद करावी. गेलेल्या पैशाचा गुणाकार कोणी करत नाही, म्हणून पाणी, कॉफी आणि फाटके ही मग बोचत नाहीत. उपाय सोपा आहे, स्वस्त आहे आणि क्वचितच यशस्वी होतो, कारण खर्ची टाकलेल्या रकमेतूनही बचत करून दाखवण्याची ईर्ष्या घरातील निदान एका व्यक्तीला आवरत नाही. अशी व्यक्ती मुंबईला उतरते तेव्हा तिच्या बटव्यात सत्तेचाळीस युरो आणि काही सेंट शिल्लक असतात. नोटा आता मोडल्या तर तोट्यात जातील आणि नाणी तर कोणी घेणारच नाही, याचा कुटुंबात साधकबाधक विचार होतो, आणि हे सत्तेचाळीस युरो वाया जाऊ नयेत म्हणून पुढील मे महिन्यासाठी सहा लाखांची नवी नोंदणी केली जाते.