रिकामं वजन

रिकाम्या बॅगेचं वजन विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही. तो रंग दाखवतो, वॉरंटी सांगतो, आकड्यांचं कुलूप लावून उघडून दाखवतो. वजन विचारलं की मात्र ‘एकदम हलकी आहे, साहेब’ म्हणत बॅग करंगळीवर उचलून धरतो. करंगळीवर गोवर्धनही उचलला गेलाय, त्यामुळे हा पुरावा मी मानत नाही. मी घरून हुकाचा डिजिटल काटा नेला होता. तो खिशातून काढल्यावर दुकानातला पोऱ्या चहा सांगायला गेला तो परत आलाच नाही.

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरल्यापासून मी ग्रॅममध्येच बोलत होतो. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात. त्यात रिकामी बॅगच साडेचार किलोची असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा आपण बॅगेलाच फिरवून आणतो. हे गणित मी सोसायटीत ज्याला त्याला समजावून सांगितलं. लिफ्टमध्ये सापडलेल्यांना सांगितलं. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं.

पण खरं दुखणं वजनाचं नव्हतंच. श्रीनगरच्या विमानतळावर माझी बॅग पट्ट्यावरून फिरत येताना बघून चार अनोळखी माणसांनी मनात म्हणावं, ‘हा काही नुसता फोटो काढायला आलेला दिसत नाही,’ एवढीच माझी माफक इच्छा होती. वास्तविक स्की, काठ्या, बूट सगळं गुलमर्गला भाड्याने मिळतं. बुटांची जोडीच तीन-चार किलोची असते, पण ती मिरवत न्यायची ते ज्यांची स्वतःची असते त्यांनी. माझं सामान म्हणजे थर्मल, लोकरीचे मोजे, हातमोजे, गॉगल आणि पिसांचं जॅकेट. जागा भरपूर खाणारं आणि वजनाला काहीच न भरणारं. थोडक्यात, हलक्या बॅगेची ज्याला सर्वांत कमी गरज असा प्रवासी मीच होतो.

तरीही अभ्यास केला. एबीएसची टणक बॅग स्वस्त, पण आपटली की तडकते. पॉलिकार्बोनेट दबतं आणि परत वर येतं, थंडीतही चिवट राहतं. पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलकं, पण साध्या जातीचं असेल तर शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं, आणि आपण चाललोय बर्फात. म्हणून कापडी डफल घ्यायची, मागे दोनच मोठी चाकं असलेली, असं ठरलं. आणि कापड म्हटल्यावर समोर डेनियर उभं राहिलं. १६८० डेनियर बॅलिस्टिक नायलॉन! दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चिलखती जाकिटांसाठी निघालेल्या कापडाचं हे नाव. माझे मोजे त्यात राहणार या कल्पनेनेच माझी छाती दोन इंच फुगली.

नेमके त्याच आठवड्यात सासरे इचलकरंजीहून आमच्याकडे राहायला आले होते.

अप्पांची हयात सुतात गेली. त्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ‘अप्पा, सोळाशे ऐंशीचं कापड आहे.’ ते खुर्चीत ताठ झाले. ‘सोळाशे ऐंशी? जावईबापू, शंभरचं सूत म्हंजे डोक्यावरनं पाणी. सोळाशे ऐंशीचं कोण काततंय?’ मग उलगडा झाला. कापसाच्या सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धागा किती ग्रॅम भरतो ते. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. मी तलम समजून गोणपाटाचं कौतुक करतोय, असा अप्पांचा समज झाला आणि तो त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही.

‘हलकंबी पायजे आन् आकडाबी मोठा पायजे, दोन्ही मागताय व्हय?’ ते म्हणाले. महिनाभर एवढा अभ्यास करून हा प्रश्न मला पडला नव्हता.

मग अप्पांनी आपली पिशवी मागवली. तिच्यातून कागदात गुंडाळलेलं पितळी घडीचं भिंग निघालं, इंचात किती धागे बसतात ते मोजायचं. दुकानातून आणलेल्या नमुन्याच्या चिंधीवर ते ठेवून, एक डोळा मिटून, सुईच्या टोकाने एकेक धागा पुढे सारत त्यांनी ताणा मोजला, मग बाणा मोजला. उजेड कमी पडतोय म्हणून खिडकीशी गेले. ‘विणकर बरा हाय,’ म्हणाले. मग वीसचं सूत कशाला वापरतात, साठचं कशाला, पावसाळ्यात हवेतल्या ओलीने मागावर काय फरक पडतो, कांजी कमी पडली की सूत कसं केसाळतं, नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचा धागा तुटलाय ते कसं कळायचं, आवाज थांबण्याआधीच कसं कळायचं, हे सगळं निघालं. जेवण गार झालं. बायको दोनदा येऊन बघून गेली आणि काही न बोलता परत गेली. माग भंगारवाल्याने किलोवर तोलून नेले, त्यानंतर अप्पांनी घरात सुताचा विषय काढलेला नव्हता. माग किती किलो भरले ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं. माझ्या हातात हुकाचा काटा होता. तो मी गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकला.

शेवटी ८४० डेनियरची घेतली. ८४० हा आकडा ऐकून अप्पांना लडीची आठवण झाली, त्यांनी मान डोलावली, विषय संपला. दोन किलो आठशे ग्रॅम, दहा नंबरची जाड चेन, किंमत साडेनऊ हजार.

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. पट्ट्याभोवतीचं अख्खं पब्लिक आपापल्या मोबाईलमध्ये होतं. बॅग एकटीच फिरत आली.

टंगमर्गला साखळ्या लावलेली गाडी करून वर गेलो. सुमारे २,६५० मीटरवर श्वास आधीच मोजून घ्यावा लागत होता. हॉटेल गाडीतळापासून ‘इथंच पाच मिनिटांवर’, आणि मधे गुडघाभर बर्फ. ताज्या बर्फात चाकं फिरत नाहीत. ती बर्फ गोळा करतात, आणि आपण मागे नांगर ओढत असतो. तेवढ्यात फिरन घातलेला एक म्हातारा लाकडी स्लेज घेऊन आला. त्याने बॅग उचलून वर टाकली, दोरीने दोन वेढे दिले आणि चालायला लागला. महिनाभर जिचा एकेक ग्रॅम मी तोलला होता, ती बॅग मी शंभर पावलंही ओढली नाही.

शेजारच्या स्लेजवर जाकीटबिकीट घातलेला एक धडधाकट इसम बसला होता. त्याला ओढणारा हडकुळा पोरगा चढावर वाकून वाकून चालत होता, बरोबरचे व्हिडिओ काढत होते. उतरल्यावर पन्नास रुपये कमी करायला त्यांनी जो वाद घातला तो आधी हिंदीत होता, आपसातली मसलत मराठीत. ‘सोडू नकोस, हे लोक असंच मागतात.’ मला त्यांचा भयंकर राग आला. नंतर लक्षात आलं की म्हाताऱ्याने सांगितलेला दर ऐकून माझ्याही तोंडात ‘कुछ कम करो’ तयारच होतं, फक्त दम लागल्यामुळे बाहेर पडलं नव्हतं. मी सांगितले तेवढे पैसे काढून दिले.

म्हाताऱ्याने नोटा फिरनच्या आत कुठेतरी ठेवल्या आणि बॅगेवर हात फिरवला. अप्पांसारखाच, अंगठा आणि तर्जनीत कापड धरून.

‘अच्छा माल है. कितने का लिया, साहब?’

साडेनऊ म्हणायला जीभ रेटेना. ‘चार हजार,’ मी म्हणालो.

‘चार हजार!’ त्याला मनापासून वाईट वाटलं. ‘आपको लूट लिया, साहब. नीचे टंगमर्ग में मेरा भांजा बैठता है, डेढ़ हजार में दिला देता.’

‘चार?’ मागून बायकोचा आवाज आला. ‘अहो, मला तर सहा सांगितले होते!’