ओरिजिनल, पण कितवा?

यामाहाच्या आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिच्या ‘ओरिजिनल जपानी’ पार्टांचा साठा मात्र अजून आटलेला नाही. डर्ट ट्रॅकसाठी जुनं इंजिन खोलून बसलेला हौशी तरुण पुण्याच्या नाना पेठेत शिरतो, तेव्हा काउंटरवर तीन डबे येतात: ओरिजिनल, एकदम ओरिजिनल आणि ‘खास तुमच्यासाठी काढलेलं’ ओरिजिनल. होलोग्राम तिन्हींवर. पिस्टनला मायक्रोमीटर लावून बघावा, ही कल्पना मात्र दोन्ही बाजूंना अपमानास्पद वाटते.

मूळ बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. म्हणजे नावात शंभर असले तरी इंजिन ९८ सीसीचंच. पाव-पाव मिलिमीटरने बोअर वाढवत ५१ वर नेला की ते १०२ भरतं. चारदा झिजल्यावर नावाला जागणारी गाडी विरळाच!

खरेदीचा क्रम ठरलेला. आधी एक्स्पान्शन चेंबर, मग मोठा कार्ब्युरेटर, मग चकचकीत पिस्टन. क्रँकची ऑइल सीलं? ‘जुनीच राहू दे, चालतंय.’

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून बाहेरची हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि ताज्या बोअरमध्ये जाम होतो.

मग शिव्या कोणाला? इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या ऑटोल्यूब पंपाला. तो तर रेसिंगच्या नावाखाली आधीच काढून भंगारात गेलेला असतो.