खर्रा आणि गर्भितार्थ

आमच्या चौकातल्या पानठेल्यावर एक खर्रा घोटून होईपर्यंत एका सिनेमाचा निकाल लागतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत पडला की सिनेमाचं नाव पुकारलं जातं, आणि घोटणं थांबलं की शिक्षा सुनावली जाते. अपिलाची सोय नाही. पडद्याखाली तंबाखूच्या धोक्याची पाटी झळकते तेव्हा आमच्याकडच्या टॉकीजमधल्या अर्ध्या लोकांना हसू येतं, पण तोंड भरलेलं असल्यामुळे हसता येत नाही.

मी पडलो सदरवाला. मला नुसता सिनेमा पाहून भागत नाही, त्याचा अर्थ काढावा लागतो. वरचा अर्थ तिकिटाच्या पैशात मिळतो, खालचा आपला आपण खणायचा असतो. जन्म कोळसा खाणींच्या जिल्ह्यातला, तेव्हा खणण्याचं वावडं नाही. अडचण एवढीच की मी खणून वर आणलेला अर्थ पानठेल्यावर तपासणीला जातो, आणि तिथला दर्जा फार कडक आहे.

सुरुवात ‘शेरनी’पासून झाली. 2021च्या जूनमध्ये अमित मसुरकरांचा हा सिनेमा थेट मोबाईलवर आला. विद्या बालन वन अधिकारी, एक माणसं मारणारी वाघीण, तिचे दोन बछडे, तिच्यावरून मतं मागणारे दोन पुढारी आणि बंदूक घेऊन मिरवणारा शिकारी. पांढरकवड्याच्या ज्या अवनीला 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री गोळी घातली गेली, तिची आठवण आमच्याकडे प्रत्येकाला झाली. मी लगेच 900 शब्द लिहिले. वाघीण म्हणजे पुरुषी व्यवस्थेच्या जंगलात वाट शोधणारी स्त्री, ट्रॅप कॅमेरा म्हणजे तिच्यावर रोखलेली समाजाची नजर, असं बरंच. मग ते ठेल्यावर वाचून दाखवलं. समोर वन विभागातले आमचे गार्डभाऊ उभे होते. नोकरीची पंचवीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“साहेब, वाघीन म्हंजे वाघीनच ना जी?”

“हो, पण इथं ती प्रतीक म्हणून आली आहे.”

“प्रतीक कोन? नवीन आरएफओ आला का?”

तिथेच माझे 900 शब्द संपले. पण गार्डभाऊंना सिनेमा आवडला होता. कशासाठी, हे ऐकण्यासारखं होतं. वाघाची मीटिंग चालू असताना वरिष्ठ साहेब शेरोशायरी करतो ते त्यांना खरं वाटलं. शेवटी नायिकेची बदली भुसा भरलेल्या जनावरांच्या संग्रहालयात होते, ते तर फारच. “बदली बराबर दाखवली,” म्हणाले. शेजारी निवृत्त गुरुजी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता एवढंच सांगितलं की हिंदीत शेरनी म्हणजे सिंहीण, वाघिणीला बाघिन म्हणतात, त्यामुळे उत्तरपत्रिका पहिल्याच ओळीत बाद आहे.

एक गोष्ट मात्र गार्डभाऊंच्या मनाला लागली. सिनेमातल्या वाघिणीचा नंबर टी-12. ताडोबातली टी-12 म्हणजे आमची माया. पांढरपौनीच्या तळ्याकाठी तिने इतके फोटो काढून घेतले की मुंबईच्या नट्यांनाही असूया वाटावी. तिच्या नावावर जिप्सी भरल्या, रिसॉर्टच्या खोल्या भरल्या. 2023च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. पुढे जंगलात सापडलेल्या अवशेषांवरून ती गेल्याचं पक्कं झालं. “तिच्यावर पिच्चर काढाचा तं नाव तरी इचाराचं,” गार्डभाऊ म्हणाले. सिनेमा माया जाण्याच्या आधीचा आहे, मायावर नाही, हे मी सांगितलं नाही. माणसाने प्रत्येक वेळी समीक्षक असू नये.

‘शेरनी’त तांब्याची खाण वाघिणीची वाट अडवते. मी त्यावर ‘विकासाचा खंदक’ असा शब्दप्रयोग योजून ठेवला होता. पण चंद्रपुरात तो लागू पडेना. आमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत, 2920 मेगावॉटचं वीज केंद्र आहे, आणि वाघ कुठेच अडला नाही, तो आत आला. दुर्गापूरच्या बाजूला झुडपं माजली, झुडपांत रानडुकरं आली, डुकरांमागे हे आले. रात्रपाळीचा कामगार बॅटरी मारत घरी जातो. “पिच्चरमंदी वाघाले रस्ता सापडत नाई,” गार्डभाऊ म्हणाले. “आपल्याकडे त्याले सापडते. मानसाले सापडत नाई.”

त्या दिवशी मला एक नियम सापडला. सिनेमाचा गर्भितार्थ जंगलापासूनच्या अंतराप्रमाणे वाढत जातो. पुण्यात वाघ म्हणजे दडपलेली आदिम प्रेरणा. नागपुरात वाघ म्हणजे शनिवार-रविवारचं बुकिंग. चंद्रपूर-मूल रस्त्यावर वाघ म्हणजे ट्रॅफिक जाम. आणि सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाईला वाघ म्हणजे वाघ. सरकारदरबारी मात्र त्याचा अर्थ लेखी आहे, माणूस गेला तर 25 लाख. एवढा नेमका गर्भितार्थ मी कुठल्याच समीक्षेत वाचलेला नाही.

मसुरकरांचाच आधीचा सिनेमा ‘न्यूटन’, 2017चा. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताने तोच पाठवला होता. छत्तीसगडच्या जंगलात 76 मतदारांसाठी निवडणूक घ्यायला गेलेला एक हट्टी कारकून. यावर बोलण्याचा अधिकार गुरुजींचा, कारण त्यांनी एटापल्ली-भामरागडकडे इतक्या निवडणुका काढल्या आहेत की मतदान यंत्राची पेटी त्यांना नातवासारखी उचलता येते. मी सुरुवात केली, “गुरुजी, इथे लोकशाही हा एक पोकळ विधी...”

“विधी असेल. पण वेळ पाळली आहे,” गुरुजी म्हणाले. न्यूटन घड्याळात तीन वाजेपर्यंत बंदूक रोखून बसतो, हे त्यांना सिनेमातलं सगळ्यात सच्चं दृश्य वाटलं. गडचिरोलीच्या संवेदनशील भागात मतदान सकाळी सातला सुरू होतं आणि दुपारी तीनला बंद. तीन म्हणजे तीन. मुंबईतला मतदार सहाला पाच कमी असताना पायजम्यात येतो, ते लाड इकडे नाहीत. आणि तरी 2024च्या 19 एप्रिलला पहिल्या टप्प्यातल्या विदर्भाच्या पाच मतदारसंघांत गडचिरोली-चिमूर पहिला आला, 70 टक्क्यांच्या वर. हे लोक तीन-चार कोस पायी येऊन बोटाला शाई लावून जातात. मला त्यात पोकळ विधी दिसत होता, कारण मी घरी सोफ्यावर बसलो होतो.

गुरुजींची तक्रार वेगळीच होती. “जाण्यापेक्षा येणं अवघड असतं. जाताना पेटी रिकामी असते, येताना मतं असतात. सगळा जीव परतीच्या वाटेवर टांगलेला. ते त्यांनी दाखवलंच नाही.” थोडं थांबून म्हणाले, “आणि प्रातर्विधीचा प्रश्न. दोन दिवस चाळीस माणसं जंगलात. सिनेमात कोणालाच होत नाही.” गर्भितार्थ शोधताना मी हा अर्थ कधी शोधला नव्हता, हे कबूल करतो.

मग ‘आरआरआर’ आला, 2022च्या मार्चमध्ये. हा सिनेमा आम्ही आमच्या घरचा समजून पाहिला, कारण त्यातला कोमराम भीम आमचा शेजारी. राजुऱ्याहून गाडी काढली की दीड-दोन तासांत आसिफाबाद. पडद्यावर भीम जाळं टाकून वाघ पकडतो आणि पकडल्यावर त्याची माफी मागतो. टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. गार्डभाऊंचं तोंड मात्र उतरलं.

“शेड्यूल एकचा प्राणी,” मध्यंतरात म्हणाले. “एकट्यानं पकडला. पंचनामा नाई, डॉक्टर नाई.”

“भाऊ, गोष्ट 1920च्या आसपासची आहे.”

त्यांनी हिशेब केला. “कायदा 1972चा. मंग सुटला तो.”

पुढे भीम ट्रकभर जंगली जनावरं इंग्रजांच्या मेजवानीत सोडतो. वाघ, बिबट, अस्वल, हरणं, सगळे एकाच ट्रकमधून उड्या मारत बाहेर. वसाहतवादाच्या दिवाणखान्यात निसर्गाने मारलेली मुसंडी, हे वाक्य माझ्या वहीत तयार होतं. गार्डभाऊ कानाशी लागले, “दिल्लीपावतर हरीन शिल्लक कसं रायलं गा?” ऑस्कर ‘नाटू नाटू’ला मिळालं ते ठीकच झालं. या प्रश्नाचं उत्तर मागितलं असतं तर अवघड होतं.

राजुऱ्याचे आमचे भाऊजी मात्र सिनेमा पाहून गप्प झाले. खरा भीम दिल्लीच्या गव्हर्नराशी लढला नाही, तो निजामाशी लढला, 1940 साली जोडेघाटला मारला गेला, हे त्यांना लहानपणापासून माहीत. सिनेमा आहे, तेवढी सूट द्यावी. पण शेवटी तो भीम आपल्या दोस्ताला म्हणतो की मला काही नको, आमच्या लोकांना शिकव. इथे भाऊजींनी चप्पल हातात घेतली. आता भीमाचे चरित्रकार सांगतात की तो तरुणपणी पळून आमच्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, आला होता, इथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याच्या हाताखाली राहिला, आणि इंग्रजी, हिंदी, उर्दू वाचायला इथेच शिकला. म्हणजे ज्याने छापखान्यात खिळे हाताळले, त्याला कोट्यवधींच्या पडद्यावर अक्षरओळखीसाठी हात जोडायला लावलं. “शिकलेला आदिवासी हीरोले परवडत नाई,” भाऊजी म्हणाले. “मंग हीरोनं करावं काय?” मी वही मिटली. यापेक्षा खोल मला खणता आलं नसतं.

शेजारच्यांचा भीम ऑस्करपर्यंत गेला, मग आपल्या बाबुराव शेडमाकेंचं काय, हा विषय निघणारच होता. 1857च्या धामधुमीत मोलमपल्लीच्या या गोंड जमीनदार पोराने जंगोम दल उभारलं आणि इंग्रजांना घाम फोडला. 21 ऑक्टोबर 1858ला चांद्याच्या जेलमध्ये पिंपळाच्या झाडाला त्याला फाशी दिली. दरवर्षी त्या दिवशी लोक जेलच्या आवारात फुलं घेऊन जमतात. पण त्याच्यावरचा शंभर कोटींचा सिनेमा काही मला अजून दिसलेला नाही. ठेल्यावर ठरलं की कोणी काढलाच तर त्यात नाचगाणं हवं, पण दिल्लीहून आलेला दोस्त नको.

‘पुष्पा’चा निकाल अर्ध्या खर्ऱ्यातच लागला. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत काम करणाऱ्या एकाने सांगितलं की दुधाच्या टँकरमधून चंदन नेणं म्हणजे पोरखेळ आहे. त्याला राग होता तो भावाचा. “चंदनाले हीरो भेटला, सागवानाले कोनी नाई.” मी म्हटलं, अहो 2023ला आपलं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं, वाजतगाजत मिरवणूक निघाली. तो म्हणाला, “गेलं. पन वाहतुकीची टीपी काढून गेलं. टीपी काढून गेलेल्या लाकडावर पिच्चर निघत नाई.” हेमलकशावरच्या 2014च्या सिनेमाबद्दल आमच्या आत्याचं मत त्याहून थोडक्यात आहे. नाना पाटेकर अख्ख्या सिनेमात ओरडला नाही, तेव्हा त्या जंगलात खरंच काहीतरी असलं पाहिजे.

शेवटी वाटलं, सिनेमा हा आपला प्रांतच नाही, आपली खरी कला झाडीपट्टी. धान कापून झाला की वडशाच्या मंडळ्या बाहेर पडतात, मंडई भरते, शेतात मांडव पडतो आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावात वही घेऊन गेलो. नाटकात भाऊबंदकी होती, दारुडा बाप होता, दोन लावण्या होत्या, तिसरी लोकाग्रहास्तव होती. साडेचारला नायिकेने विष घेतलं आणि ते पाऊण तास उतरेना. मी थंडीत शाल गुंडाळून लिहिलं: कृषिसंस्कृतीत काळ वर्तुळाकार असतो, म्हणून प्रेक्षकाला शेवटाची घाई नाही, रात्रभर चालणारं नाटक ही सामूहिक जागराची परंपरा.

पडदा पडला. बाहेर अजून अंधार. कोणी उठेना. लोक जागेवरच बसून राहिले, बिडी पेटली, लेकरं आयांच्या मांडीवर. कंपनीने आपणहून आणखी एक गाणं सुरू केलं. मला राहवलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आजीला विचारलं, “आजी, नाटक एवढं मोठं का असतं? यामागं काही परंपरा?”

आजीने माझ्याकडे, मग माझ्या वहीकडे पाहिलं, आणि मांडवाबाहेरच्या काळ्या धुऱ्याकडे बोट केलं.

“नाल्यात वाघ हाय ना बाप्पा. उजाडल्याबिगर घरी कोन जाते?”

मग लुगड्याच्या केळात हात घालून तिने खर्ऱ्याची पुडी काढली आणि अर्धा मला दिला.